काळाचं वेटोळं लिहिताय? आधी फेऱ्यांचा हिशेब मांडा

विज्ञानकथा लिहायला बसलेल्या नवख्या लेखकाला कालप्रवास फार लवकर सुचतो आणि त्याहून लवकर अंगावर येतो. नायक एकाच दिवसात अडकलाय, रोज सकाळी तोच दिवस उजाडतोय, इथवर सगळं छान चालतं. मग दिवाळी अंकाचा एखादा चौकस वाचक विचारतो, ‘याच्याकडे वेळच वेळ आहे, तर हा तिजोरीचा आकडा एकेक करून लावून का बघत नाही?’ लेखकाकडे उत्तर नसतं, कारण आपल्या वेटोळ्यात नेमकं काय फुकट आहे आणि कशाचे पैसे मोजावे लागतात हे त्याने ठरवलेलंच नसतं.

हा हिशेब संगणकशास्त्राने करून ठेवला आहे. कुठलं काम किती वेळात आणि किती जागेत होऊ शकतं हे पाहणाऱ्या शाखेला संगणकीय जटिलता म्हणतात, आणि तिथल्या काही मंडळींनी कालप्रवासावर रीतसर शोधनिबंध लिहिले आहेत. त्यातून लेखकाच्या सगळ्यात कामाची गोष्ट निघते ती ही: वेटोळ्यात वेळ फुकट मिळतो, स्मरणशक्ती मिळत नाही. हे एकदा पक्कं बसलं की कथेतली बरीच भोकं आपोआप दिसायला लागतात. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. गणित शाळेतलंच आहे.

पायरी 1: वेटोळं कुठल्या जातीचं ते ठरवा

आधी एक गाळणी. भागवतातला ककुद्मी राजा मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला ब्रह्मलोकात जातो. तिथे गायन चाललेलं असतं म्हणून जरा थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटून जातात. हा कालप्रवास खरा, पण एकाच दिशेचा. पुढे गेलेला माणूस मागे निरोप पाठवू शकत नाही, त्यामुळे वेटोळं तयार होत नाही. अशी कथा लिहीत असाल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

मागे काहीतरी जात असेल तर तीन शक्यता उरतात. पहिली परतफेऱ्याची: जग दर सकाळी मूळपदावर येतं, फक्त नायकाच्या डोक्यातलं टिकतं. 1993 चा ‘ग्राउंडहॉग डे’ हा चित्रपट याचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना. दुसरी जुळणाऱ्या वेटोळ्याची: इतिहास एकच, तो बदलत नाही, आणि भविष्यातून आलेली वस्तू त्या इतिहासाचा आधीपासूनच भाग असते. तिसरी फाट्यांची: मागे गेलात की वेगळं जग सुरू होतं.

फाट्यांचं पटकन उरकतो. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठे पानिपत जिंकलेलं एक निराळं जग भेटतं. कथा म्हणून ती अफलातून आहे, पण ते समांतर जग आहे, वेटोळं नाही. गणनेच्या दृष्टीने फाट्यांत मिळकत शून्य. तुम्ही वीस वर्षं खपून उत्तर शोधता, मागे जाऊन दुसऱ्या जगातल्या स्वतःला देता, आणि त्याची वीस वर्षं वाचतात. तुमची गेली ती गेलीच. उरलेला लेख पहिल्या दोन जातींबद्दल आहे.

पायरी 2: परतफेऱ्याची वेळ खरोखर मोजा

तिजोरीला चार आकडी कुलूप आहे आणि एक आकडा लावून बघायला 10 सेकंद लागतात असं धरा. एकूण शक्यता 10,000, म्हणजे 1,00,000 सेकंद, म्हणजे साधारण 28 तास. न झोपणारा नायक दुसऱ्याच फेऱ्यात चार तासांच्या आत तिजोरी उघडतो. एवढ्यावर थरारकथा उभी राहणार नाही.

आठ आकडी कुलूप घ्या. 10 कोटी शक्यता, 100 कोटी सेकंद, म्हणजे जवळपास 32 वर्षं. ही कथा आहे! माणूस त्याच एका दिवसात म्हातारा होण्याइतका जगलाय, शरीर मात्र रोज सकाळी तेवढंच. बारा आकडी कुलूप घेतलंत तर तीन लाख वर्षांच्या वर जाल, आणि तिथे नायक माणूस म्हणून शाबूत राहील का हाच कथेचा विषय होऊन बसेल. प्रत्येक वाढीव आकड्यामागे काम दहापट होतं. ही वाढ नवख्या लेखकाच्या हातातून सगळ्यात आधी निसटते. ‘बरेच फेरे झाले’ असं लिहून भागत नाही. आठ आकडे आणि बारा आकडे यांत एक आयुष्य आणि मानवजातीचा पूर्ण इतिहास एवढा फरक आहे.

कथेत हे आकडे यायलाच हवेत असं नाही. तुम्हाला ते माहीत असले पाहिजेत.

आणखी एक अट तपासा: कुलपाचा आकडा रोज तोच असतो का? सकाळी सहाला जग मूळपदावर येतं आणि मालक आठ वाजता फासे टाकून नवा आकडा ठेवतो, फासेही दर वेळी वेगळे पडतात, असं असेल तर काल वगळलेले आकडे आज पुन्हा शक्य होतात आणि नायकाची सगळी मेहनत पाण्यात. परतफेऱ्याचा फायदा फक्त ठरलेल्या, न बदलणाऱ्या जगात होतो. तुमच्या जगात पाऊस दर फेऱ्यात त्याच मिनिटाला पडतो की नाही, हे पहिल्या पानाआधी ठरवा आणि मग मोडू नका.

पायरी 3: नायक सोबत काय नेतो ते लिहून काढा

आता कुलपाकडे पुन्हा बघा. तीन लाख वर्षं खपणाऱ्या नायकाला लक्षात काय ठेवावं लागलं? शेवटचा लावून पाहिलेला आकडा. बस्स. बारा अंकांची एक संख्या. वेळ प्रचंड लागला, जागा चिमूटभर. जटिलतेच्या अभ्यासात वेळ आणि जागा वेगवेगळ्या मोजतात त्या यामुळेच.

इथे तीन नावं ओळखून ठेवा. प्रश्नाचा आकार वाढला तरी जी कामं बेताच्या वेळात उरकतात त्यांचा वर्ग म्हणजे पी. ज्यांचं उत्तर हाती आलं तर झटपट तपासता येतं, मग शोधायला कितीही लागो, त्यांचा वर्ग एनपी. मोठ्या आकाराचा सुडोकू भरताना घाम फुटतो, भरलेला तपासणं सोपं. हे दोन वर्ग एकच आहेत का हा प्रश्न स्टीफन कुक यांच्या 1971 च्या निबंधापासून गाजतोय, आणि 2000 सालापासून त्यावर क्ले संस्थेचं 10 लाख डॉलर्सचं बक्षीस आहे. तिसरा वर्ग पीस्पेस: वेळ लागेल तेवढा घ्या, पण जागा बेताचीच वापरा.

पीस्पेसचं आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे गावांच्या नावांच्या भेंड्या. समोरच्याने ‘नाशिक’ म्हटलं की तुम्ही ‘क’वरून ‘कराड’ म्हणायचं, वापरलेलं गाव पुन्हा घ्यायचं नाही, अडला तो हरला. समजा गावांची यादी आणि कुठल्या गावानंतर कुठलं चालतं याचा नकाशा आधीच दिलाय. दोघेही अचूक खेळले तर पहिला जिंकेल का? नकाशा कसाही असू शकेल अशा सर्वसाधारण रूपात हा खेळ पीस्पेसमधल्या सर्वांत कठीण प्रश्नांपैकी आहे, हे सिद्ध झालेलं आहे. सगळे डाव तपासायला युगं लागतील, पण एका वेळी एकच डाव मनात धरावा लागतो.

म्हणजे परतफेऱ्यात अडकलेला, बेताची स्मरणशक्ती असलेला, पण न थकणारा नायक नेमका पीस्पेसमधले प्रश्न सोडवतो. त्याहून जास्त नाही. वहीत लिहिलेलं सकाळी पुसलं जातं हा नियम तुम्ही केलाय, तर डोक्यात मावत नाही ते त्याला मिळणार नाही. दोनशे पानांची सिद्धता पाठ करायला लावा त्याला. तिथे खरी झुंज आहे.

पायरी 4: कापरेकरांच्या वजाबाकीने हात बसवा

पुढे जाण्याआधी एक सराव, कारण जुळणाऱ्या वेटोळ्याचा सगळा मामला स्थिरबिंदूवर उभा आहे आणि तो वाचून कळण्यापेक्षा करून लवकर कळतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांची ही रीत. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच.

3524 घेऊन पाहा. 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आता 7641 वजा 1467, पुन्हा 6174. इथून हलायचं नाही. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पावलांत इथेच येता. जी संख्या क्रियेतून जाऊन तीच बाहेर येते ती स्थिरबिंदू.

आता हेच दोन आकडी संख्येवर करा. 81 वरून 63, मग 27, मग 45, मग 09, आणि 90 वजा 09 करून पुन्हा 81. अंक वेगळे असलेली कुठलीही दोन आकडी संख्या याच पाच घरांत येऊन फिरत राहते, थांबत कुठेच नाही. हे दोन निकाल जपून ठेवा: चार आकड्यांना विसावा मिळाला, दोन आकड्यांना मिळाला नाही.

यातून एक कथाही निघते, फुकट देतो. प्रत्येक फेऱ्यात नायकाचं सगळं पुसलं जातं, मनगटावरचे दोन अंक तेवढे टिकतात. मग त्याच्या एकूण अवस्था फक्त 100. जग ठरलेलं असेल तर 101 व्या फेऱ्याच्या आत तो जुन्याच अवस्थेत परत येणार आणि तिथून पुढे कायमचा गोल फिरणार, स्वतःला न कळता.

पायरी 5: जुळणारं वेटोळं चिठ्ठीने बांधा

कापरेकरांनी 6174 चा शोध लावला 1949 मध्ये. त्याच वर्षी कुर्ट गोडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं एक उत्तर मांडलं: फिरणारं विश्व, ज्यात पुढे पुढे जाणारी वाट आपल्याच भूतकाळाला येऊन मिळते. आपलं विश्व तसं दिसत नाही, पण गणिताने दार बंद केलं नाही एवढं नक्की झालं. पुढे इगोर नोविकोव्ह आणि सहकाऱ्यांनी नियम सुचवला की अशा वाटेवर फक्त स्वतःशी जुळणाऱ्या घटनाच घडतात. म्हणजे इतिहास हा स्थिरबिंदू असला पाहिजे.

हा नियम कामाला कसा जुंपायचा ते हान्स मोराव्हेक यांनी 1991 मध्ये दाखवलं. आपण चिठ्ठीने करू. 8051 चा विभाजक हवा आहे, 2 ते 89 मधला. (89 पुरे, कारण 90 चा वर्गच 8100 होतो.) नियम असा: सकाळी भविष्यातून चिठ्ठी येईल, तिच्यावर एक संख्या असेल. तिने 8051 ला भाग गेला तर संध्याकाळी तीच संख्या मागे पाठवायची. नाही गेला तर एक मिळवून पाठवायची. 89 नंतर पुन्हा 2.

चिठ्ठीवर 40 आलं तर तुम्ही 41 पाठवाल, पण सकाळी 40 आलं होतं. जुळलं नाही, म्हणजे असा दिवस घडूच शकत नाही. फक्त 83 जुळतं, कारण 83 गुणिले 97 बरोबर 8051. म्हणून चिठ्ठीवर 83 च असणार. तुम्ही केला तो एक भागाकार. परतफेऱ्यातल्या नायकाने वर्षं घालवली, याने एक सकाळ.

कथालेखकाला यातलं मर्म पकडता आलं पाहिजे: नायक कष्ट करत नाही, तो फक्त ठाम राहतो. चूक आली तर मी नक्की बदल करीन, या निश्चयातच सगळी शक्ती आहे. ढिला माणूस हे यंत्र चालवू शकत नाही. 40 आलं आणि आळसाने तेच परत पाठवलं, तर तोही दिवस जुळला! म्हणून पात्राचा स्वभाव इथे कथानकाचा पुर्जा होतो.

पायरी 6: विघ्नांची किंमत काढा

हॅरी पॉटरवर बेतलेल्या, एलिझर युडकोव्स्की यांच्या ‘हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी’ या ऑनलाइन कादंबरीत हॅरी हाच प्रयोग करतो. 181429 या संख्येचे दोन विभाजक त्याला हवे असतात (397 आणि 457 आहेत, गुणून पाहा). चिठ्ठी येते, त्याच्याच अक्षरात, पण तिच्यावर आकडे नसतात, काळाशी खेळू नकोस अशी ताकीद असते. घाबरून तो तेच लिहून मागे पाठवतो. पूर्ण जुळलं.

जुळणाऱ्या शक्यतांमध्ये बरोबर उत्तराखेरीज काय काय असू शकतं, याची यादी प्रत्येक लेखकाने आधी करावी: चिठ्ठी ओली झाली, यंत्र बंद पडलं, नायक तापाने फणफणला, पत्र भलत्याच्या हाती गेलं. मग यातलं कुठलं घडेल? सेथ लॉइड आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेला नियम लेखकाला फार सोयीचा आहे: न जुळणारे इतिहास खोडा, उरलेल्यांना त्यांच्या मूळ शक्यतेच्या प्रमाणात वाव द्या.

हिशेब करू. चिठ्ठी वाचता न येण्याची शक्यता 10,000 मध्ये 1 धरा. 8051 साठी 88 पैकी एक संख्या बरोबर, म्हणजे शक्यता 88 मध्ये 1. ती विघ्नापेक्षा शंभराहून जास्त पट वजनदार. प्रयोग बहुधा यशस्वी होईल. आता 24 आकडी संख्येचा 12 आकडी विभाजक मागा. बरोबर उत्तराची शक्यता एक लाख कोटींत 1 किंवा त्याच्या आसपास, विघ्नाची मात्र अजूनही 10,000 मध्ये 1. आता विघ्न कोट्यवधी पटींनी जड. चिठ्ठी ओली होणारच.

दैवाला मध्ये आणायची गरज उरत नाही. नायक जितका मोठा प्रश्न विचारेल तितकी जगाला चिठ्ठी भिजवणं स्वस्त पडेल. पेटी जलरोधक केली तर विघ्न दुसरीकडून येईल, जिथे सगळ्यात पातळ भिंत आहे तिथून. बहुतेक वेळा ती भिंत म्हणजे नायक स्वतः. माझ्या मते या विषयातली सगळ्यात चांगली कथा इथे लपली आहे, आणि नवखे लेखक ती भूतकाळात जाऊन आजोबांना मारण्याच्या नादात सोडून देतात.

पायरी 7: आजोबांचं काय करायचं

नातू मागे जाऊन आजोबांना मारतो, मग तो जन्मत नाही, मग मारत नाही, मग जन्मतो. पायरी 4 मधल्या दोन आकडी संख्यांसारखंच हे: फिरणं आहे, विसावा नाही. डेव्हिड डॉइच यांनी 1991 मध्ये यातून वाट काढली. त्यांनी घटना स्थिर असण्याचा आग्रह सोडला आणि शक्यतांचं वाटप स्थिर असावं एवढंच मागितलं. नातू जन्मण्याची शक्यता अर्धी, न जन्मण्याची अर्धी. एक फेरा झाला की दोन्ही अर्धे जागा बदलतात आणि वाटप तेच राहतं. 81, 63, 27, 45, 09 यांनाही प्रत्येकी एक पंचमांश द्या, वजाबाकीनंतर वाटप तसंच. असं स्थिर वाटप नेहमीच सापडतं, त्यामुळे डॉइचच्या जगात विरोधाभासाला जागा नाही.

या जगाची ताकद किती? स्कॉट आरनसन आणि जॉन वॉट्रस यांनी 2009 मध्ये उत्तर छापलं: नेमकी पीस्पेस, मग यंत्र साधं असो की क्वांटम, म्हणजे अणुरेणूंच्या नियमांवर चालणारं. त्यांची युक्ती चिठ्ठीवर बसवता येते. चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहा: काम कुठवर आलं, आणि कोपऱ्यात हो किंवा नाही. सकाळी आलेल्या चिठ्ठीवरच्या कामाचं एकच पाऊल पुढे टाका, कोपरा तसाच ठेवून मागे पाठवा. काम संपलं असेल तेव्हा मात्र ते पुसून पहिल्यापासून मांडा आणि कोपऱ्यात निघालेलं उत्तर लिहा. चुकीचा कोपरा असलेली चिठ्ठी शेवटाला पोचली की बरोबर होते आणि पुन्हा कधीच चुकीची होत नाही. म्हणजे कायम फिरणाऱ्या फेऱ्यात फक्त बरोबर कोपऱ्याच्या चिठ्ठ्या उरतात, आणि स्थिर वाटप फेऱ्याबाहेरच्या चिठ्ठीला शून्य वाटा देतं. तुम्हाला कामाची कुठलीही पायरी मिळो, कोपऱ्यातलं उत्तर बरोबरच असणार. (कामच मध्ये गोल फिरू नये म्हणून पावलांचा मोजही चिठ्ठीवर ठेवतात.)

भेंड्यांचा तो प्रचंड प्रश्न, आणि तुम्ही खेळलात एक चाल.

मर्यादा पुन्हा तीच: चिठ्ठीवर मावेल तेवढंच. परतफेऱ्यातल्या नायकाचं डोकं आणि ही चिठ्ठी, दोघांची हद्द एकाच रेषेवर येते; फरक एवढाच की एकाला युगं भोगावी लागतात आणि दुसऱ्याला नाही.

पायरी 8: मसुदा हाती आल्यावर

भविष्यातून आलेलं ज्ञान कुणी कमावलं ते विचारा. नायकाला सिद्धता मिळते, तो ती उतरवतो आणि मागे पाठवतो, तर लिहिली कुणी? जुळणाऱ्या वेटोळ्यात हे नियमाविरुद्ध नाही, पण रिकामी चिठ्ठी आली आणि रिकामीच गेली हेही तितकंच जुळतं. म्हणून नायकाने काही तपासलं पाहिजे. तपासणी नसेल तर सिद्धता येण्याला कारणच नाही. एकाहून जास्त इतिहास जुळत असतील तर निवड कशी होते याचा नियम तुमच्या वहीत असू द्या. डॉइच यांनी सुचवलेला नियम असा की ज्यात सगळ्यात जास्त अनिश्चितता आहे ते वाटप घ्यावं. कथेत तो जरा बेचव लागतो. लॉइड यांचा मला जास्त आवडतो.

दोन नियम एकाच कथेत मिसळू नका. पहिल्या भागात इतिहास अटळ आणि तिसऱ्या भागात नायकाच्या निर्धाराने बदलला, ही फसवणूक वाचकाला लगेच कळते.

आणि ‘अमर्याद’ हा शब्द जपून वापरा. मागे जाणारी वही कितीही जाड चालते असं लिहिलंत, तर पीस्पेसची हद्द तुटते. एखादा संगणकाचा प्रोग्रॅम कधी थांबेल की नाही हे सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही असं ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये सिद्ध केलं. न संपणारी वही असेल तर डॉइचच्या वेटोळ्यात तेही ठरवता येतं, हे आरनसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं. अशा नायकापुढे अडचण कुठली ठेवणार? वहीची पानं मोजा. शंभर पानी पुरे.